दहा किलोचं मूल

१

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी आता थोडक्यात सांगते. शेतात, बागेत, घरात मारायची कीटकनाशकं बाजारात येण्याआधी त्यांची कागदपत्रं माझ्या टेबलावर येतात आणि त्यांचा माणसाला किती त्रास होऊ शकतो, ते मी आकड्यांत मांडते. "म्हणजे विष चाखून बघता की काय?" असं कुणीतरी हमखास विचारतं. मी हसते. सव्वीस वर्षं एकच विनोद ऐकल्यावर हसायला फारसे कष्ट पडत नाहीत.

चाखणं सोडाच, यातल्या बहुतेक औषधांचा मी वाससुद्धा घेतलेला नाही. माझ्याकडे येतात ते कागद. उंदरांना किती दिलं, किती दिवस दिलं, कोणत्या मात्रेला त्यांचं यकृत सुजलं आणि कोणत्या मात्रेला काहीच झालं नाही. ती काहीच न होणारी मात्रा घ्यायची आणि शंभरानं भागायची. दहा पट उंदीर आणि माणूस यांच्यातल्या फरकासाठी, दहा पट माणसामाणसातल्या फरकासाठी. उरेल ती मर्यादा. ऑफिसात मला भागाकारवाली बाई म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण मला माहीत आहे.

मर्यादा ठरली की एकच प्रश्न राहतो, पोटात जाणार किती? घरात फवारायचं औषध असेल तर मोठ्या माणसांची आम्ही फार काळजी करत नाही. मोठी माणसं खुर्चीवर बसतात. काळजी असते ती मुलाची. हे मूल खरं नसतं, गणितातलं असतं. त्याचं वजन दहा किलो. ते मुलगा नाही आणि मुलगीही नाही. ते फवारलेल्या फरशीवर रोज दोन तास रांगतं आणि तासाला वीस वेळा हात तोंडात घालतं. उरलेले बावीस तास ते कुठे असतं हे गणितात लिहिलेलं नाही, कारण त्याची गरज पडत नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा ते दहा किलोचं होतं आणि आजही आहे. आमच्या खोलीत त्याला नुसतं 'दहा किलो' म्हणतात. "काय म्हणतंय दहा किलो?" असं कुणी विचारलं की समजायचं, फायलीत अडचण आहे.

त्या सोमवारी सकाळी मुलीचा फोन आला. शनिवारी ती बाळाला घेऊन येणार होती, चांगली दोन महिने राहायला, कारण जावई कामासाठी बाहेर चालले होते. नात दहा महिन्यांची झाली होती आणि मी तिला अजून एकदाही हातात घेतलं नव्हतं. ती जन्मली तेव्हा माझ्या एका अहवालाचा शेवटचा आठवडा होता. मग तिकिटं मिळेनात, मग माझी कंबर धरली, मग आणखी एक अहवाल. मुलगी एका शब्दानं बोलली नाही. न बोलण्याच्या बाबतीत ती तिच्या वडिलांवर गेली आहे. ते असते तर त्यांनी मला तेव्हाच गाडीत बसवून दिलं असतं, पण त्यांना जाऊन चार वर्षं झाली.

फोन ठेवला आणि शिपायानं एक जाडजूड फाईल आणून टेबलावर आपटली. झुरळं आणि मुंग्यांवरचं, घरात भिंतीच्या कडेनं फवारायचं औषध. सहा वर्षांपूर्वी मीच ते मंजूर केलं होतं, आता परवान्याचं नूतनीकरण होतं. 'शुक्रवारपर्यंत सही' अशी चिठ्ठी वर चिकटवलेली होती. नाव वाचून मला जरा हसूच आलं, कारण आमच्या इमारतीत मागच्या गुरुवारी फवारलं ते हेच.

२

साडेपाचला घरी आले, चपला काढल्या, चहा घेऊन स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले. माझं घर लहान आहे. बसायची खोली, आतली खोली आणि स्वयंपाकघर, सगळीकडे एकच फिकट पिवळी फरशी. शनिवारी नात हिच्यावर रांगणार, असा विचार मनात आला आणि बरं वाटलं.

सहा वाजून गेल्यावर एक आवाज आला. तोंडातून बोट बाहेर काढताना होतो तसा, ओला आणि छोटा. नळ असेल, म्हणून मी उठून नळ घट्ट केला. थोड्या वेळानं पुन्हा तोच. मग फ्रीजचं बटण बंद केलं. पुन्हा आला. तेव्हा मात्र मी घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. पुढचा आवाज सव्वासहाला आला, त्याच्या पुढचा सहा अठराला.

माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर टीव्ही लावून मोकळं झालं असतं. मला मोजल्याशिवाय राहवत नाही. अंडी उकडायचं गजराचं घड्याळ मी समोर घेतलं आणि तीन तीन मिनिटांचा गजर लावत बसले. गजर आणि आवाज बरोबर पडत होते. शेवटचा आवाज सातच्या ठोक्याला आला आणि मग काही नाही. तीन मिनिटांनी एक, म्हणजे तासाला वीस.

मी स्वतःशी म्हणाले, बाई, दिवसभर तीच फाईल वाचलीस, आता कानात तेच वाजणार. हे पटण्यासारखं होतं. मी फ्रीज पुन्हा चालू केला आणि दूध नासलं नाही ना ते बघितलं. त्या रात्री मला झोपसुद्धा चांगली लागली.

३

मंगळवारी जुन्या फायलीतला माझा तक्ता काढला. सहा वर्षांपूर्वीचं आपलंच अक्षर बघताना जुन्या फोटोत स्वतःला बघितल्यासारखं होतं, ओळख पटते पण नातं लागत नाही. समासात मी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'फरशीवरचा काळ : २ ऐवजी १ तास.' खाली बारीक अक्षरात, 'सर्वेक्षण पाहा.'

मग सगळं आठवलं. दोन तास धरून गणित केलं तेव्हा मुलाच्या पोटात जाणारं औषध मर्यादेच्या एकशे अडतीस टक्के येत होतं. म्हणजे नामंजूर. कंपनीनं मग एक सर्वेक्षण पाठवलं. एकतीस घरांतल्या आयांनी आपलं मूल फरशीवर किती वेळ असतं ते आठवडाभर वहीत लिहून ठेवलं होतं. सरासरी आली छप्पन्न मिनिटं. मी दोनाचा एक केला, एकशे अडतिसाचं एकोणसत्तर झालं आणि औषध पास झालं.

सरासरी घ्यायची नसते. ज्या घरात मूल सगळ्यात जास्त वेळ खाली असतं, ते घर धरायचं असतं. हे मी नवीन आलेल्यांना पहिल्या आठवड्यात शिकवते.

साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे वीस वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी त्याला काचेची खोली मिळाली, तेव्हापासून मी त्याला साहेब म्हणते आणि तो चिडतो.

"मागच्या वेळचंच लाव," तो म्हणाला. "नवीन काही आलंय का?"

"नवीन काही नाही. जुनंच चुकलंय. दोन तासांचा एक केला होता आपण."

"आपण नाही, तू केला होतास." हे तो शांतपणे, चहाच्या कपाकडे बघत म्हणाला. "आणि सर्वेक्षण होतं ना?"

"ऐन थंडीतलं. गार फरशीवर कोण मूल सोडतं? बहुतेकींनी पलंगावरच ठेवलेलं. तळटीप आहे तशी."

"तळटिपा कोण वाचतं?"

"मी वाचली होती."

त्यानं कप खाली ठेवला. तळटीप वाचूनही मी तसं का केलं, हे त्यानं विचारलं नाही. कुणी पैसे दिले नव्हते, कुणी धमकावलं नव्हतं. शुक्रवारची संध्याकाळ होती, ती तिसरी फाईल होती आणि मी दमले होते. याहून मोठं कारण मला आजही देता येत नाही.

"शुक्रवारपर्यंत बघ काय करतेस ते," तो म्हणाला. "आणि साहेब म्हणू नकोस."

४

मंगळवारी संध्याकाळी आवाज आला. सहा ते सात, वीस वेळा.

बुधवारी मी ठरवलं की सहा वाजता हाताला काम ठेवायचं. पावणेसहाला बादली भरली आणि आतल्या खोलीपासून फरशी पुसत निघाले. पुसत पुसत मागे सरकायचं, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, कंबर सरळ करायला उभी राहिले आणि पुसलेल्या भागाकडे नजर टाकली.

ओल्या फरशीवर कोरडे ठसे होते. आधी मला वाटलं, पिळताना फडकं उडालं असेल. मग त्यांच्यातलं अंतर दिसलं. डावा, उजवा, डावा, उजवा, प्रत्येक ठसा माझ्या हाताच्या अर्ध्याहून लहान, आणि त्यांच्या मागे गुडघ्यांचे दोन लांबट पट्टे. ते भिंतीच्या कडेकडेनं गेले होते, जिथे फवारलं होतं नेमकं तिथून. मी बघता बघता पाणी पसरलं आणि ठसे मिटले.

माझं डोकं ताबडतोब कामाला लागलं. फरशी जुनी आहे, काही जागा पाणी धरत नाहीत. हे कारण मी तीनदा मनात म्हटलं. चौथ्यांदा म्हणायला बसले तेव्हा टेबलाखालून तो आवाज आला आणि मी फडकं तिथंच टाकून जिन्यात गेले.

जिन्यात शिंपीकाका भेटले. ते माझ्या बरोबर खालच्या घरात राहतात. दुकान सोडून दहा वर्षं झाली तरी गळ्यात मोजायची पट्टी असते.

"काय ताई, अनवाणीच निघालात?"

"जरा मोकळी हवा," मी म्हणाले.

"नात आली वाटतं. बरं झालं. एकटं घर खायला उठतं."

"शनिवारी यायची आहे."

शिंपीकाका थांबले. "मग ते थपथप कोण करतं? रोज संध्याकाळी ऐकतो मी. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी आमच्या हिला म्हटलंसुद्धा, चांगलं भक्कम पोर आहे, हातापायात जोर आहे." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ताई, बसा जरा पायरीवर. तोंड उतरलंय तुमचं."

मी बसले. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला. एकट्या बाईला भास होतात, हे मी मान्य करायला तयार होते. त्यांनी मला तेवढीही सवलत ठेवली नाही.

सात वाजेपर्यंत मी पायरीवरच बसून होते. सात, कारण मीच एक तास लिहिला होता. ही गोष्ट मला तिथं, जिन्याच्या थंड पायरीवर, लख्ख कळली आणि पुढे काय करायचं तेही.

५

गुरुवारी सकाळी मी तक्त्यात एक खोडून दोन केलं. खाली तीन पानं लिहिली, मागच्या वेळी माझी चूक कशी झाली ते सरळ सांगितलं. एकशे अडतीस टक्के. नूतनीकरण देऊ नये. सही केली.

साहेबानं तिन्ही पानं वाचली. "कंपनीवाले तुला सोडायचे नाहीत. दोन वर्षं राहिलीत तुझी."

"माहितीय."

"बरं वाटतंय का आता?"

"शनिवारी नात येतेय माझी," मी म्हणाले. त्याला काय समजायचं ते समजलं. त्यानं आपली सही ठोकली आणि फाईल पुढे पाठवली. मला खरंच बरं वाटत होतं. येताना मी बाळासाठी एक लाकडी गाडी घेतली.

सहा वाजता आवाज सुरू झाला.

मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसले. म्हटलं, आजचा दिवस असेल, कागद वर पोचायला वेळ लागतो. सात वाजले. विसावा आवाज झाला. मी पाय खाली सोडले. सात वाजून तीन मिनिटांनी एकविसावा आला.

आठ वाजेपर्यंत चालू होतं. मी चूक सुधारली होती, आणि त्याला रोज आणखी एक तास फरशीवर ठेवलं होतं. हे ध्यानात आलं तेव्हा मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. सव्वीस वर्षांत शेकडो फायली. प्रत्येकीत मी त्याला फवारलेल्या जमिनीवर सोडलं, मोजलं, भागलं आणि फाईल बंद केली. त्याला कुणी उचलल्याचं एकाही गणितात मी लिहिलेलं नव्हतं.

शुक्रवारी रजा टाकली. आधी फवारणीवाल्याला फोन केला. हे औषध धुऊन काढायचं तर कशानं?

"साबणाच्या पाण्यानं निघेल बरंचसं. पण कशाला मॅडम?" तो म्हणाला. "इमारतीच्या मीटिंगमध्ये तुम्हीच म्हणालात ना, पोरं रांगली तरी काळजी नको म्हणून. मी सगळीकडे तेच सांगतो. एक बाई आहेत, त्यांनी स्वतः तपासलंय."

मग मुलीला फोन केला. "अगं, चार-आठ दिवसांनी आलीस तर नाही का चालणार? घरात जरा काम निघालंय."

पलीकडे बाळ काहीतरी बडबडत होतं.

"आई, परत?" मुलगी म्हणाली. एवढंच म्हणाली.

"नाही, नाही," मी म्हणाले. "ये. उद्याच ये."

दुपारी बारापासून मी घर घासायला घेतलं. फडक्यानं भागणार नव्हतं, म्हणून ब्रश घेऊन हातागुडघ्यांवर बसले आणि भिंतीची कड वीत वीत घासत गेले. त्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं. टेबलाच्या खालच्या बाजूला सुताराची पेन्सिल, खुर्चीखाली जाळं, फ्रीजखाली कधीची हरवलेली बांगडी. एवढी वर्षं मी या उंचीबद्दल लिहीत आले आणि एकदाही खाली बसून बघितलं नव्हतं. कंबर मोडली होती, पण थांबले नाही.

स्वयंपाकघरात पोचले तेव्हा उजेड उतरला होता. ओव्हनच्या काळ्या काचेत माझं तोंड दिसत होतं, घामेजलेलं, केस सुटलेले. माझ्या मागे, बसायच्या खोलीच्या दारात, आणखी कुणीतरी हातागुडघ्यांवर होतं.

ते माझ्याकडे बघत नव्हतं. डोकं खाली होतं. ते बसलं, उजव्या हाताची चार बोटं मुठीपर्यंत तोंडात घातली, बाहेर काढली आणि पुन्हा फरशीवर टेकली. घाई नाही, खेळ नाही, रडणं नाही. वर्षानुवर्षं एकच काम करणारा माणूस ज्या हातानं शिक्के मारतो, तसं चाललं होतं. मी मान वळवली तेव्हा दारात नुसती ओली फरशी होती आणि साबणाचा वास.

६

शनिवारी पाच वाजता त्या दोघी आल्या. बाळ मुलीच्या खांद्यावर गाढ झोपलेलं. मी हात पुढे केले.

"आत्ताच डोळा लागलाय," मुलगी हळूच म्हणाली. "उठली की घे. मग दोन महिने तुझीच."

आम्ही चहा घेतला. मुलगी थकली होती, पण आल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसत होता आणि मला तो बघवत नव्हता. माझी नजर सारखी घड्याळाकडे जात होती. सहाला पाच कमी असताना बाळ उठलं. डोळे चोळत तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मुडपले. रडायचं की नाही, ते ठरत नव्हतं.

"आजी गं ती," मुलगी म्हणाली. "थांब, आधी खाली सोडते जरा. दिवसभर गाडीत अवघडलीय. जरा रांगली की येईल तुझ्याकडे."

"खाली नको."

"का?"

"फरशी गार आहे."

"काहीही हं तुझं. आणि केवढं घासलंयस घर, साबणाच्या वासानं डोकं चढलं माझं." तिनं बाळाला फरशीवर सोडलं, पुढ्यात लाकडी गाडी ठेवली आणि बॅग उघडायला आत गेली. "बघ तिच्याकडे, आलेच."

मी तिला उचलणारच होते. वाकलेसुद्धा. तेवढ्यात स्वयंपाकघरातून थपथप ऐकू आली, आणि मग तो ओला, छोटा आवाज.

बाळानं झटकन मान वळवली. गाडी सोडून दिली. तिचा चेहरा खुलला, घरात आपल्यासारखंच कुणी आहे असं कळल्यावर मुलांचा खुलतो तसा, आणि ती भरभर रांगत स्वयंपाकघराकडे निघाली, भिंतीच्या कडेनं. दारापाशी थांबून तिनं उजवा हात उचलला आणि तोंडाकडे नेला. आतला आवाज आणि तिचा हात, दोन्ही एकदमच.

माझ्या कंबरेचं दुखणं त्या वेळी कुठे गेलं, मला माहीत नाही. मी तिला ओलांडून आत गेले.

ते टेबलाखाली बसलं होतं, माझ्याकडे पाठ करून. सगळं मी पाहिलं नाही आणि पाहायची इच्छाही नव्हती. डोक्याच्या मागचे केस झिजून गेले होते. गुडघ्यांची कातडी टाचेसारखी जाड झाली होती. एवढं दिसलं आणि मला भीती वाटायची राहून गेली. इतकी वर्षं, मी मनात म्हणाले, इतकी वर्षं गं बाई. मी डोळे मिटले, खाली वाकले, दोन्ही काखांत हात घातले आणि उचललं.

आलं. एका झटक्यात वर आलं, इतक्या सहज, जणू कधीचं वाट बघत होतं. दहा किलो. हा आकडा मी हजारो वेळा लिहिला होता, त्याचा भार असा असतो हे मला ठाऊक नव्हतं. थंड ओली बोटं माझ्या मानेमागे गेली आणि डोकं खांद्यावर टेकलं. आवाज थांबला.

डोळे उघडले तेव्हा दारात मुलगी उभी होती, बाळ तिच्या कडेवर. बाळाचे हात रुमालानं पुसलेले. बाळ माझ्याकडे झेपावत होतं, आता ओळख पटल्यासारखं, दोन्ही हात पसरून.

"बघ, येतेय तुझ्याकडे," मुलगी हसत म्हणाली. "घे, आई."

मी उभीच राहिले.

"घे ना. किती दिवस वाट बघत होतीस."

"आत्ता नको," मी म्हणाले. "हात भरलेत माझे."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. एक हात खाली आधाराला, दुसरा पाठीवर. मध्ये काही नाही. मग तिचं हसू हळूहळू गेलं आणि वडिलांसारखी ती गप्प झाली. बाळ अजून हात पसरून होतं. तिनं ते हात अलगद मिटवले, बाळाचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं आणि आत निघून गेली.

मी आठ वाजायची वाट बघत राहिले. दोन तासच असतात त्याचे. आठला ते जाईल, उरलेले बावीस तास जिथं असतं तिथं, मग मी आत जाईन, मुलीची समजूत काढीन, नातीला घेईन. हात भरून आले होते, कंबर ठणकत होती. आतून मुलगी बाळाला थोपटत असल्याचा आवाज येत होता.

आठ वाजले. साडेआठ वाजले. भार जराही कमी झाला नाही. मानेवर लागणारा श्वास मात्र संथ झाला आणि मानेमागची बोटं सैल पडली. ते झोपलं होतं.

झोपलेलं मूल खाली ठेवलं की जागं होतं, हे कुठल्याही आईला सांगावं लागत नाही. आणि खाली फरशी होती.